शेपटी सोडून साडेनऊ इंच

माशाची लांबी मोजताना शेपटी धरायची की सोडायची, यावरून माझं आणि पेडणेकरांचं एका गुरुवारी इतकं कडाक्याचं भांडण झालं, की काठावर शेळ्या चारणारे बबनतात्या मध्ये पडायला उठले. मासा पेडणेकरांच्या हातात होता आणि तोंडाची उघडझाप करत आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. माझं म्हणणं साधं होतं. बाजारात मासा शेपटीसकट तोलून देतात, मग मापात शेपटी का नको? पेडणेकर म्हणाले, "शेपटी हलते. हलणारी गोष्ट मापात धरत नाहीत." त्यांनी खिशातली फुटाची पोलादी पट्टी माशाला लावली, एक डोळा मिटून आकडा वाचला, "साडेनऊ. अंडरसाइज. वाढांदे," असं म्हणाले आणि मासा पाण्यात सोडून दिला.

वाढांदे म्हणजे वाढू दे. पेडणेकर मालवणकडचे. पंधरा वर्षं पिंपरीच्या कारखान्यात काढून त्यांची भाषा पुण्याच्या मापाची झाली होती, पण हा एक शब्द त्यांनी तसाच ठेवला होता. तो ते फक्त माशांना म्हणायचे. माणसांशी बोलताना त्यांचा शब्द वेगळा होता. तो "रिजेक्ट".

भोसरीवरून चऱ्होलीकडं जाणाऱ्या वाटेवर दगडाची एक जुनी खाण होती. दगड काढून काढून ठेकेदार निघून गेला आणि मागं राहिलेल्या खड्ड्यात पाणी भरलं. त्यात कुणीतरी कधीतरी कटल्याची पिल्लं सोडली होती, मरळ आपोआप आली होती. त्या पाण्याशी पेडणेकर दर गुरुवारी सकाळी सायकलवरून यायचे. वेळूची काठी, गळ, कणकेचा गोळा, पोलादी पट्टी आणि एक वही. कणकेच्या गोळ्या ते वळायचे आणि प्रत्येक गोळी एका लोखंडी वायसरच्या भोकातून पाडून बघायचे. जी अडकेल ती परत कणकेत. मासा लागला की माप, वहीत नोंद, आणि मासा परत पाण्यात. चार वर्षांत एकही मासा त्यांच्या सायकलवरून घरी गेलेला कुणी पाहिला नव्हता.

गुरुवारच का, तर आमच्या भागात विजेची सुट्टी गुरुवारी. पिंपरीपासून भोसरीपर्यंत सगळ्या मशिनांची पाठ त्या दिवशी जमिनीला टेकायची. रविवारी आमचे भोंगे वाजायचे आणि गुरुवारी आम्ही लुंगी लावून दारात बसायचो. आता गंमत बघा. पेडणेकरांच्या घरी दत्ताचा गुरुवार कडक. म्हणजे या कोकणी माणसाला मासे धरायला आठवड्यातून वार मिळायचा एक, आणि मासे न खाण्याचा वारही तोच. कंपनीत लोक त्यांना विचारायचे, "काय पेडणेकर, ह्या गुरुवारी काय खाल्लंत?" ते शांतपणे सांगायचे, "शेंगदाण्याची आमटी."

बबनतात्यांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, "आळंदी हितनं दोन कोसावर हाय. माउलीच्या धाकानं सोडतोय गडी." गावच्या बायकांनी तर त्यांचं नावच माळकरी मासेमार पाडलं होतं.

माझं मत मी कुणाला सांगत नव्हतो, पण माझी खात्री होती की या माणसाला नाकारण्याचं व्यसन आहे. कंपनीत सहा दिवस लोखंड नाकारून पोट भरत नाही, म्हणून सातव्या दिवशी मासे नाकारतो.

हे मी उगीच म्हणत नाही. मी बार्शीचा. कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलत वाढलो, घासाघीस तिथं शिकलो. भोसरीत येऊन दुसऱ्याच्या लेथवर हात बसवला आणि शेवटी पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं एक जुनं लेथ मशीन उभं केलं. पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती पेडणेकरांच्या कंपनीची. दोनशे पिना. माप केसाइतकं चुकू दिलं नाही. हातगाडीवर पोती घातली आणि स्वतः ढकलत गेटवर नेली. तपासणीच्या टेबलामागं पेडणेकर बसले होते. त्यांनी एकेक पीन गेजमधून सरकवली. दोनशेच्या दोनशे. "साइज बरोबर," म्हणाले. माझी छाती दोन इंच फुगली. मग त्यांनी त्यातली एक पीन उचलून ग्राइंडरला लावली आणि ज्योतिषी पत्रिका बघतो तशा तिच्या ठिणग्या बघितल्या.

"साइज बरोबर. मटेरियल चुकीचं."

आणि लाल रंगाचा ब्रश घेऊन पोत्यांवर पट्टा ओढला.

आता खरं सांगायचं तर लोखंड भंगारातल्या शाफ्टचं होतं. कागदावर लिहिलं होतं त्याहून मऊ. पण लोखंडच होतं ना? मी काय लाकडाच्या पिना दिल्या होत्या? त्या गेटवर मी जे बोललो ते लिहिण्याजोगं नाही. पेडणेकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढं केला. "झालं? सही करा."

दीड वर्ष मी त्या कंपनीच्या रस्त्यानंसुद्धा गेलो नाही. मग त्यांच्या खरेदीवाल्यांनी स्वतःहून बोलावलं. तेच काम, त्याच दोनशे पिना, शेवटची संधी. पास झाल्या तर दर महिन्याचं काम. नापास झाल्या तर माझं नाव यादीतून कायमचं काढायचं, आणि मग माझ्या शेडला कुलूप लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पिना तपासणार कोण, तर पेडणेकरच.

या खेपेला मी लोखंड चांगलं आणलं. पण नुसत्या चांगल्या मालावर विसंबून राहील तो धंदेवाला कसला? गिऱ्हाईक आधी मऊ करावं लागतं. म्हणून मी गुरुवारी खाणीवर जायला लागलो.

पहिल्या दिवशी थर्मासमध्ये चहा नेला, कांदाभजी नेली. नमस्कार करून शेजारच्या दगडावर बसलो. थोड्या वेळानं म्हटलं, "साहेब, आपल्याला काही लागलं सवरलं तर सांगा."

"लागतं."

"काय लागतं?"

"शांतता."

भजी बबनतात्यांनी खाल्ली.

तीन गुरुवार गेले. पेडणेकर मऊ होईनात. मग मला एक युक्ती सुचली. ह्या माणसाला एकदा तरी मोठा, देखणा, मापात बसणारा मासा मिळायला हवा. एकदा "पास" म्हणायची जिभेला सवय लागली की पुढचं सोपं. आमचं घर माळकरी, त्यामुळं मला मासा म्हणजे पाण्यात राहतो एवढीच माहिती. पिंपरीच्या बाजारात मासेवालीला म्हटलं, "मावशी, दिसायला देखणा असा एक द्या." तिनं एक रुपेरी, गोल, ताटलीसारखा मासा काढला. "ह्यो न्या. सायेबलोक ह्योच नेत्यात." घासाघीस करून घेतला, केळीच्या पानात गुंडाळला आणि खाणीवर नेला.

पेडणेकर लघवीला दगडाआड गेले तेवढ्यात मी दोरी ओढली, मासा गळाला अडकवला आणि पाण्यात सोडून दिला. ते परत आले.

"साहेब, बूच बुडाल्यासारखं दिसतंय."

पेडणेकरांनी काठी उचलली. मासा वर आला. ना उडी, ना तडफड. ओल्या कपड्यासारखा लोंबत आला.

बबनतात्या शेळ्या सोडून बघायला आले. "ह्यो कंचा मासा म्हनायचा? पार चपटा झालाय. दगडाखाली घावला का काय?"

पेडणेकरांनी पट्टी लावली. शेपटी सोडून. मग बोटानं कल्ला उघडून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"कदमशेट, पापलेट आहे हे. दोन दिवस बर्फात होतं."

"असेल. पाण्यात काय काय असतं, आपल्याला काय दिसतंय?"

"साइज बरोबर," ते म्हणाले. "मटेरियल चुकीचं. ह्यो मासो हंयचो नाय, दर्याचो."

मला वाटलं आता ते पापलेट माझ्या अंगावर येतंय. पण पेडणेकर ते हातात धरून बसून राहिले. एकदा नाकाजवळ नेलं. मला वाटलं, नासलंय का बघतात. मग रुमाल भिजवून त्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

"गुरुवार आहे, साहेब," मी आठवण केली.

"ठाऊक आहे. उद्यापर्यंत बर्फात ठेवीन."

चार वर्षांत घरी गेलेला तो पहिला मासा. पण त्याबद्दल "पास" हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. उलट पुढच्या गुरुवारी मी आलो तर माझ्या पिशवीत हात घालून तपासणी केली आणि मग बसू दिलं.

शेपटीवरून भांडण झालं ते त्यानंतरच. आता आमचं बोलणं तसं सुरू झालं होतं, म्हणजे मी बोलायचो आणि ते खोडून काढायचे. त्यांच्या वहीतला एक कटला मलाही ओळखू यायला लागला होता. वरचा ओठ फाटलेला. तो त्यांना पाच वेळा लागला होता आणि पाचही वेळचं माप त्यांनी तारखेसकट लिहिलं होतं. तो पाव इंच वाढलेला दिसला की पेडणेकर वहीकडं असे बघायचे, जसं काही कुणी परीक्षेत पहिलं आलंय.

पिना द्यायचा दिवस ठरला. श्रावणातला एक शुक्रवार. आदल्या दिवशी मी खाणीवर गेलो ते नुसतं गिऱ्हाइकाचा मूड बघायला. आणि बघतो तर गिऱ्हाइकाचा मूड पार बिघडलेला.

कणकेच्या गोळ्या वायसरमधून पाडल्याच नव्हत्या. कुठली लिंबाएवढी, कुठली वाटाण्याएवढी. एक मरळ लागली, ती पेडणेकरांनी पट्टी न लावता सोडून दिली. नंतर तो फाटक्या ओठाचा कटला आला. सहाव्यांदा. त्याचंही माप घेतलं नाही, वहीला हात लावला नाही, "वाढांदे" म्हटलं नाही. नुसता गळ काढला आणि सोडला.

उद्या हा माणूस माझ्या दोनशे पिना तपासणार, आणि आज याचं डोकं ठिकाणावर नाही. मी आधी गोडीत विचारलं, ते गळाला गोळी लावत राहिले. परत विचारलं, त्यांनी गळ टाकला. तिसऱ्यांदा माझंच डोकं फिरलं.

"अहो, माझ्या शेडचा प्रश्न आहे. चार वर्षं ज्या माशाचं माप लिहिताय तो आज हातात आला, आणि लिहीत नाही म्हणजे काय?" असं म्हणून मी त्यांची वही ओढली, मीच लिहितो म्हणून. ती उलट्या बाजूनं उघडली.

मागच्या पानांवरही मापं होती. तीच बारीक अक्षरं, तारखेसकट. पण आकडे बघून माझे डोळे फिरले. दोन फूट चार इंच. दोन फूट नऊ. तीन फूट दोन.

"बघा तात्या," मी ओरडलो. "आम्हाला साडेनऊ इंची दाखवतात, आणि तीन तीन फुटांचे मासे गुपचूप धरतात."

बबनतात्या म्हणाले, "येवढा मासा ह्या डबक्यात? शेळी गिळंल की त्यो."

पेडणेकरांनी वही काढून घेतली नाही. पाण्याकडं बघतच म्हणाले, "ता माझा चेडू."

चेडू म्हणजे मुलगी हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण आवाजावरून कळलं. बबनतात्याही कळल्यासारखे शेळ्यांकडं निघून गेले.

मग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बायको आणि मुलगी गावी. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून बायकोला येता येत नाही, आणि इथं पेडणेकर एका खोलीत तिघांबरोबर राहणारे. रजा वर्षातून एकदाच, गणपतीला. मधल्या काळात मुलगी केवढी झाली ते कळावं म्हणून त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. दर चार महिन्यांनी तिला भिंतीला उभी करायची, पायापासून डोक्यापर्यंत सुती दोरा धरायचा, तोडायचा आणि पाकिटातून पाठवायचा. दोरा आला की पेडणेकर पट्टीवर ताणून मोजायचे आणि लिहायचे. सगळे दोरे त्यांनी तपकिरीच्या एका डबीत ठेवले होते. डबी सायकलच्या पिशवीतच असायची.

"मग आज काय झालं?"

त्यांनी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. चैत्रात तीन फूट सव्वासात इंच. आता श्रावणात तीन फूट साडेसहा.

"चार महिन्यांत पाऊण इंच कमी," पेडणेकर म्हणाले. "पोर वाढतं. कमी होत नाही. तीनदा मोजलं मी."

"वहिनी काय लिहितात?"

"सगळं ठीक आहे म्हणून लिहिते."

ज्या माणसानं जन्मभर माल तपासला त्याला 'सगळं ठीक आहे' यासारखं संशयाचं वाक्य नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पोर आजारी असेल. पाठीत वाकली असेल. सरळ उभीच राहता येत नसेल. आठ दिवस हा माणूस मनातल्या मनात एकेक कारण गेजमधून सरकवत बसला होता.

मी डबी मागितली. नवा दोरा वरच होता, पाकिटात घातलेला. पाकिटावरचा पत्ता निळा फुटून पसरला होता. कोकणातला पाऊस टपालाच्या थैलीत शिरला असणार. दोरा बोटात धरला तर कडक, पिळलेला, आखडलेला. जुने दोरे मऊ होते.

आणि मला एकदम सगळं कळलं. बार्शीच्या दुकानात आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, कोरं कापड आहे, पाण्यात आटेल, हातभर जास्त घ्या. जास्त माल खपायचा म्हणून सांगायचो, पण गोष्ट खरी होती.

आता मी धंदेवाला माणूस. खोटं कशाला बोलू? समोर गिऱ्हाईक नडलेलं. त्याला हवा तो माल भोसरीपासून चऱ्होलीपर्यंत फक्त माझ्याकडं. आणि उद्या माझ्या दोनशे पिना त्याच्या टेबलावर. बोलणी कुठून सुरू करायची याची जुळवाजुळव मी करायला लागलो होतो. पण पेडणेकर तो दोरा पुन्हा पट्टीवर ताणायला लागले. चौथ्यांदा.

"अहो, पोर नाही आटली. सूत आटलंय," माझ्या तोंडातून निघून गेलं. एवढा महाग माल मी आयुष्यात फुकट दिला नाही.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "टेस्ट?"

हे असं असतं. देवानं वर दिला तरी हा माणूस त्याला म्हणेल, टेस्ट रिपोर्ट दाखवा.

टेस्टला कोरा सुती दोरा हवा. आम्ही दोघांनी डबीकडं बघितलं. पेडणेकरांनी सगळ्यात खालचा दोरा काढला, मुलगी नुकती उभी राहायला लागली तेव्हाचा. दोन फूट चार इंच. थोडा वेळ तो बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग पट्टीवर मोजला, बरोबर भरला. मग तो खाणीच्या पाण्यात बुडवला आणि तापलेल्या दगडावर वाळत घातला, दोन्ही टोकांवर खडे ठेवून. मी खडे काढून टाकले. "ताणून ठेवलात तर आटेल कसा?" त्यांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं.

श्रावणातलं ऊन, येई-जाई. दोन तास आम्ही त्या दोऱ्याशेजारी बसून होतो, जसं काही कुणी भाकरी राखत बसावं. गळाचं बूच दोनदा बुडालं. कुणी उठलं नाही. दोरा वाळल्यावर पेडणेकरांनी मोजला. इंचाला किंचित कमी, इतका आखूड भरला होता. त्यांनी पुन्हा मोजला. मग वही काढून गणित मांडलं, एवढ्याला एवढा तर तेवढ्याला केवढा. आकडा आला तो चैत्रातल्या मापापेक्षा पाऊण इंचानं मोठा.

पेडणेकरांनी दोरी काठीला गुंडाळली, सायकल घेतली आणि निघून गेले. धन्यवाद नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, असू दे, उद्या पिना आहेत.

दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन गेटवर गेलो. टेबलामागं दुसराच माणूस. म्हणाला, "पेडणेकर अचानक रजेवर गेलेत. गावी. तुमचा माल त्यांच्याच सहीचा आहे. आठ दिवस थांबा."

आठ दिवस. मी हातगाडी ढकलत परत आलो आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. गप्प बसला असतास तर हा माणूस आज टेबलावर असता. बरं, टेस्ट झाली होती, गणित सुटलं होतं, मग गावी जायचं कारण काय? गणपतीला महिनासुद्धा उरला नव्हता. मग आमच्या शेजारच्या शेडमधल्या एका कोकण्यानं सांगितलं, "आता रजा खाल्ली म्हणजे त्यांचा गणपती इथंच." कोकणी माणूस गणपती सोडून रजा आधी वापरतो, हे ऐकून माझा राग जरा अडखळला. पण गेला नाही.

नवव्या दिवशी पेडणेकर टेबलावर होते. पिना गेजमधून सरकवताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीन फूट आठ."

"वेणी धरून की सोडून?"

"सोडून." पाच-सहा पिना सरकल्या. "दारात गेलो तर आधी तीच आली. 'आई विहिरीवर गेली हा, तुमका कोण होया,' म्हणाली. कोण हवंय, मला विचारते."

ते पुढची पीन घेत राहिले. शेवटी एक ग्राइंडरला लावली, ठिणग्या बघितल्या आणि काही न बोलता खाली ठेवली. एकशे एकोणनव्वद पिना पास झाल्या. अकरांवर लाल पट्टा.

"अकरा कशाला?" मी म्हटलं. "दोनशेत अकरा म्हणजे काय? आपल्यात एवढं झालं, तरी अकरा?"

"झालं? सही करा."

माझं महिन्याचं काम सुरू झालं. गुरुवारी मी खाणीवर गेलो ते भांडायला. पेडणेकरांनी मला आधी बसायला सांगितलं. मग म्हणाले, "एक काम होतं. दोऱ्याचं आता खरं नाही. पोलादाची पट्टी हवी, भिंतीवर ठोकायला. फूट, इंच, आणि खाली मिलिमीटर. गाववाला गणपतीला जातोय, त्याच्याबरोबर पाठवायची आहे."

मी पाच फुटांची केली. चार पुरली असती, पण म्हटलं पोर वाढणार. लोखंड अस्सल घेतलं. खुणा हातानं कोरल्या, आकडे पंचानं ठोकले, कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे पोरीला लागायला नको. मशिनीला एवढा वेळ मी कधी दिला नव्हता. गणपतीच्या आदल्या गुरुवारी पट्टी खाणीवर नेली. कंपनीतले सगळे कोकणी गावाला निघाले होते. हे एकटे गळ टाकून बसले होते.

पेडणेकरांनी पट्टी दगडावर आडवी ठेवली, खिशातली फुटाची पट्टी काढली आणि खालून वर एकेक फूट लावून बघायला लागले. पहिला फूट बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याला ते थांबले. पुन्हा लावून बघितलं. एक डोळा मिटला.

"अर्धा मिलिमीटर आखूड."

मी हात पुढं केला. "द्या इकडं. आज दुसरी करून देतो. गाववाल्याला म्हणावं रात्रीच्या गाडीनं जा."

"तिसऱ्या फुटात खुणा जवळ आल्या आहेत," पेडणेकर म्हणाले. त्यांनी पट्टी दिली नाही. बोट खालून वर सरकवत मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हणजे ह्या पट्टीवर ती आहे त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर उंच दिसणार."

"चूक ती चूक. माझ्या शेडमधून असला माल..."

"चूक चेडवाच्या बाजूनं हा," पेडणेकर म्हणाले. "चलात."

चलात म्हणजे चालेल. हा शब्द ऐकायला मी दोन वर्षं वाट बघितली, भजी नेली, पापलेट बुडवलं, दोनशे पिना दोनदा केल्या. मिळाला तो चुकलेल्या मालावर.

"मग त्या अकरा पिनासुद्धा," मी म्हटलं.

"त्या रिजेक्ट."

पाण्यावरचं बूच बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं. पेडणेकरांचं लक्ष नव्हतं. पट्टी त्यांनी गुडघ्याला टेकवून उभी धरली होती. अंगठा तीन फूट आठवर होता, आणि नजर त्याच्या वरच्या, अजून रिकाम्या भागावर.